घरच्या अंगणात शोभेची बदके : हौस, हिशेब आणि साफ व्यवहार

दिंडोरी तालुका हा धरणांचा तालुका. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव ही नावे येथील शाळकरी मुलालाही पाठ असतात. कादवा नदी याच तालुक्यातून वाहत जाऊन पुढे नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीला मिळते. त्यात द्राक्षबागांसाठी खोदलेल्या शेततळ्यांची भर पडली आहे. अलीकडच्या काळात नाशिकच्या आसपास फार्महाउस, कृषी पर्यटन केंद्रे, लग्नाचे लॉन्स आणि बागा असलेली हॉटेले वाढली. ज्याच्याकडे हिरवळ व पाण्याचे टाके आहे त्याला त्या पाण्यावर काहीतरी रंगीत, हलणारे हवे असते. यातूनच शोभेच्या बदकांना मागणी येते.

आपल्या बांधवांपैकी पुष्कळांच्या घरी कोंबड्या व कबुतरे पूर्वीपासून आहेत. पक्ष्याला दाणा कधी टाकावा, आजारी पक्षी कसा ओळखावा हे त्यांना शिकवावे लागत नाही. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातील पक्ष्यांच्या बाजाराची माहितीही अनेकांना असते. तेव्हा बदकांचा हा जोडधंदा आपण करावा काय, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. आमचे उत्तर असे की, करावा. परंतु जोडधंदा म्हणूनच करावा. दुकान, सुतारकाम, वेल्डिंग किंवा बागवानी सोडून केवळ यावर संसार चालवू पाहणाऱ्याची फसगत होईल. आणि व्याजी कर्ज काढून तर मुळीच करू नये. जिवंत मालाचा धंदा आहे. एका रात्रीत मुंगूस शिरले तर भांडवल गेले, आणि हप्ता मात्र उरला.

पक्षी पाळणे जायज आहे काय, असे काही मंडळी विचारतात. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याने एक लहानसा पक्षी पाळला होता व तो मेल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाची प्रेमाने विचारपूस केली, हा प्रसंग हदीसच्या प्रमुख ग्रंथांत आला आहे. त्यावरून उलेमांनी पक्षी पाळण्याची परवानगी मानली आहे. परंतु ज्या स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, त्याला खाऊ घातले नाही व मोकळेही सोडले नाही, तिच्या शिक्षेची हदीसही सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे परवानगी आहे ती जबाबदारीसह. बदकाला पाण्याविना लोखंडी पिंजऱ्यात ठेवणे म्हणजे त्याला अर्धे उपाशी ठेवण्यासारखेच आहे, हे ध्यानात असावे.

कोणते बदक घ्यावे

मस्कव्ही सोडले तर जगातील बहुतेक सर्व पाळीव बदके एकाच रानटी जातीपासून, म्हणजे हिरव्या डोक्याच्या मॅलार्डपासून, निघालेली आहेत. मस्कव्ही हे मूळचे दक्षिण व मध्य अमेरिकेकडचे. चेहऱ्यावर लाल मांसल गाठी असतात, मादी ओरडत नाही व नर केवळ फुसफुसतो. शेजारपाजाऱ्यांची तक्रार नको असेल तर हे बदक चांगले. शिवाय त्याची मादी अंड्यावर उत्तम बसते, ज्याचा उपयोग पुढे येणार आहे. मात्र मस्कव्ही व साधे बदक एकत्र ठेवल्यास त्यांच्यापासून होणारी पिल्ले खेचरासारखी वांझ निघतात. अशी पिल्ले वाढवून पैदाशीची म्हणून विकणारा स्वतःही फसतो व दुसऱ्यालाही फसवतो.

नवशिक्याने पांढरे पेकिन, बाटलीसारखे उभे चालणारे इंडियन रनर किंवा खाकी कॅम्पबेल यांपासून सुरुवात करावी. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडमधील श्रीमती कॅम्पबेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केली. ती दिसायला साधी, पण चांगली मादी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. शोभा नसली तरी खाद्याचा खर्च अंड्यांतून निघतो. डोक्यावर पिसांचा गोंडा असलेले तुरेवाले बदक गिऱ्हाइकाला फार आवडते. त्याबाबत एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. तुरेवाला नर व तुरेवाली मादी यांची जोडी लावली तर सुमारे चौथा हिस्सा पिल्ले अंड्यातच मरतात, कारण तुऱ्याचा गुण आई व बाप दोघांकडून आला की तो प्राणघातक ठरतो. यास्तव एक पक्षी तुरेवाला व दुसरा साधा अशी जोडी लावावी. निम्मी पिल्ले साधी निघतील, पण जिवंत निघतील.

आखूड चोचीचे लहानसे कॉल बदक हे दिसायला खेळण्यासारखे असते. त्याची मादी भयंकर ओरडते, एवढे सांगितले की पुरे.

या सर्वांचा राजा म्हणजे मँडरिन. मूळ देश चीन, जपान, कोरिया व रशियाचा पूर्व भाग. नराच्या अंगावर नारिंगी, जांभळा, हिरवा, पांढरा असे रंग आणि पाठीवर शिडासारखी उभी दोन नारिंगी पिसे. चीनमध्ये ही जोडी सुखी दांपत्याची खूण मानली जाते. (प्रत्यक्षात नर बऱ्याचदा दुसऱ्या वर्षी दुसरी मादी करतो आणि पिल्लांकडेही फारसे पाहत नाही, पण चिन्हे अशीच तयार होतात.) त्याचाच अमेरिकन भाऊबंद म्हणजे कॅरोलिना किंवा वुड डक. हे दोन्ही महाग पक्षी आहेत व पहिली दोन वर्षे साधी बदके सांभाळल्याशिवाय त्यांच्या वाटेस जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्याची बाजू आधी पाहावी

येथे आपल्या काही तरुणांकडून अजाणतेपणी गुन्हा घडतो. थंडीच्या दिवसांत धरणांच्या फुगवट्यावर व नांदूर मध्यमेश्वरला हजारो रानबदके उतरतात. नांदूर मध्यमेश्वर 1986 मध्ये अभयारण्य झाले आणि रामसर करारातील यादीत गेलेले ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण. ही घोषणा जानेवारी 2020 मध्ये झाली. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक हे पाहुणे आणि हळदी-कुंकू बदक व अडई हे येथलेच रहिवासी, यांतील कोणालाही धरणे, पाळणे, विकणे किंवा त्यांची अंडी आणून कोंबडीखाली ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. “जाळ्यात सापडले, जखमी होते म्हणून घरी आणले” हे उत्तर चालत नाही. जखमी पक्षी ताबडतोब वनखात्याकडे द्यावा लागतो. पक्षिशास्त्रात ज्यांचे नाव जगभर घेतले जाते ते डॉ. सालिम अली (1896-1987) आपल्याच समाजातून पुढे आले. त्यांच्या पक्षिप्रेमाची सुरुवात लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाली, पण पुढचे सारे आयुष्य त्यांनी पक्षी वाचवण्यात घालविले.

पेकिन, रनर, कॅम्पबेल, मस्कव्ही ही पाळीव बदके आहेत, ती कोंबडीप्रमाणे पाळता येतात. मँडरिनसारख्या परदेशी पक्ष्याबाबत मात्र सावध राहावे. 2022 मध्ये वन्यजीव कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, तिची अंमलबजावणी 1 एप्रिल 2023 पासून सुरू झाली आणि काही परदेशी प्राणी-पक्ष्यांच्या नोंदणीचे नियम 2024 मध्ये आले. पुन्हा, मँडरिन हा पक्षी 2021 मध्ये आसामात रानातही दिसला होता. तेव्हा खरेदीपूर्वी नाशिकच्या वनखात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन या जातीस परवानगी अथवा नोंदणी लागते काय हे लेखीच विचारून घ्यावे, आणि विकणाऱ्याकडून पक्षी पिंजऱ्यात पैदा झालेला असल्याची पावती घ्यावी. पावती देण्यास जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नये. तसेच नियमित विक्री करावयाची असल्यास पाळीव प्राणी विक्री केंद्रांसाठी 2018 मध्ये झालेल्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीची चौकशी करावी. हे सर्व कटकटीचे वाटते खरे, पण एक छापा पडला की महिन्याची कमाई जाते व नाव खराब होते ते वेगळेच.

जागा व पाणी

चार-सहा साध्या बदकांसाठी घरामागची दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा पुरे. रात्री कोंडण्यासाठी खुराडे, त्यात प्रत्येकी तीन-चार चौरस फूट जागा धरावी. बदक फांदीवर किंवा दांडीवर बसत नाही, जमिनीवरच झोपते. म्हणून खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा जाड पसरावा व ओला झाला की बदलावा. (मँडरिन, कॅरोलिना व मस्कव्ही याला अपवाद आहेत, ते झाडावर बसतात.)

खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावावी, साधी षट्कोनी कोंबडीजाळी नव्हे. मुंगूस, घूस व बोका यांना ती जाळी अडवू शकत नाही. जाळी एक फूट जमिनीत गाडावी. वरूनही जाळी पाहिजे. ज्या गावांत उसाची शेती आहे तेथे बिबट्या येतो, हे दिंडोरीकरांना सांगण्याची गरज नाही. कुत्रा जसा उचलतो तसे बदकही उचलतो. जाळी बांधताना पडलेले तारेचे तुकडे व खिळे झाडून लोहचुंबकाने गोळा करावेत. बदक चमकणारी वस्तू गिळते आणि जस्ताची तार किंवा मासेमारीच्या गळाचे शिसे पोटात गेले तर विषबाधेने मरते. वेल्डिंग करणाऱ्या भावांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

पाण्याचे टाके चार बाय सहा फूट व सव्वा-दीड फूट खोल असे सिमेंटचे केले तरी भागते. चोच, नाकपुड्या व डोळे पूर्ण बुडतील एवढे पाणी बदकाला लागतेच, नाहीतर डोळे चिकटतात. टाक्याला एका बाजूने उतार करावा. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे व जुने पाणी पपई, केळी, भाजीला सोडावे. ते उत्तम खत आहे.

“घरी टाके कशाला, शेततळे आहेच की,” असे म्हणणारे भेटतात. द्राक्षबागेच्या प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात बदके सोडू नयेत. कागद निसरडा, काठ उभा. लहान पिल्ले बाहेर येऊ न शकल्याने थकून बुडतात. दुसरे असे की, विष्ठेने पाण्यात शेवाळ वाढते व ठिबकच्या नळ्या आणि फिल्टर तुंबतात, मग बागवाला व बदकवाला यांचे भांडण ठरलेले. आणि छाटणीनंतर बागेत जी औषधे लागतात, विशेषतः ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी लावतात ते हायड्रोजन सायनामाइड, ती पक्ष्यांना घातक आहेत. फवारणीच्या दिवसांत बागेकडून वाहून येणारे पाणी, औषध कालवलेले ड्रम व धुतलेल्या बादल्यांची जागा यांपासून पक्षी दूर ठेवावेत.

पक्षी उडून जाऊ नये म्हणून काही लोक पिल्लाच्या पंखाचे टोकच कापून टाकतात. असे करू नये. एका पंखाची लांब पिसे कात्रीने छाटली तरी पक्षी उडत नाही, त्याला वेदनाही होत नाहीत. पिसे झडून नवी आली की पुन्हा छाटावीत.

घरात नमाज पढणाऱ्यांसाठी एक सूचना. हनफी फिकहप्रमाणे कबुतराची विष्ठा व कोंबडी-बदकाची विष्ठा यांचा हुकूम सारखा नाही. कोंबडी व बदकाची विष्ठा नजासते गलीजा मानली जाते. शाफई बांधवांकडे तर कोणत्याही पक्ष्याची विष्ठा नापाकच. म्हणून बदकांच्या जागेत जाण्यासाठी चपला व कपडे वेगळे ठेवावेत, आणि पक्षी ओट्यावर व वुजूच्या जागेकडे येऊ देऊ नयेत.

खाद्य

मध्यम आकाराच्या बदकाला दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास खाद्य लागते. मँडरिनला याच्या निम्म्याहून कमी. तांदळाची कणी, गहू, बाजरी, भाताचा कोंडा, थोडी मासळीची कुटी व भरपूर हिरवा पाला (लसूण घास, मेथीचे देठ, कोबीची पाने) असा खुराक चालतो. अझोला घरच्या घरी करता येतो व बदके तो आवडीने खातात. गोगलगाई व किडे ती स्वतःच शोधतात. कोरडे पीठ देऊ नये, घशाला चिकटते. ओलसर करून द्यावे व उरलेले संध्याकाळी काढून टाकावे. अंडी देणाऱ्या मादीला शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

दोन गोष्टींत चूक झाली तर पिल्ले हातची जातात. पहिली म्हणजे बुरशी. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी अचानक मेले. शोध केला तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीवरील बुरशीचे विष सापडले, त्यालाच अफ्लाटॉक्सिन म्हणतात. या विषाला बदकाचे पिल्लू कोंबडीच्या पिल्लापेक्षा कितीतरी अधिक बळी पडते. पावसाळ्यात ओल लागलेला मका किंवा शेंगपेंड स्वस्तात मिळाली म्हणून बदकांना घालू नये. दुसरी म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात ते बदकाच्या पिल्लाला पुरेसे नसते, त्यामुळे पाय वाकडे होऊन पिल्लू बसून राहते. लोक याला लकवा समजतात. खाद्यात ब्रुअर्स यीस्टची पूड मिसळावी किंवा पशुवैद्यकास विचारून बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून द्यावे. वेळेवर दिल्यास पिल्लू सुधारते.

अंडी व पिल्ले

साध्या जातींत एका नरामागे चार ते सहा माद्या ठेवाव्यात. नर जास्त झाले तर माद्यांच्या मानेवरील पिसे उपटली जातात, कधी पाण्यात दाबून मादी मरतेही. मँडरिन मात्र जोडीनेच ठेवावेत. कॅम्पबेल मादी पाच-सहा महिन्यांत अंड्यावर येते, मँडरिन साधारण वर्षानंतर.

बदक बहुधा पहाटे अंडी देते. फजरनंतर लगेच खुराडे उघडले तर मादी कुठेतरी गवतात किंवा पाण्यातच अंडे टाकते. म्हणून आठ-नऊ वाजेपर्यंत कोंडूनच ठेवावे. अंडी गोळा करून टोक खाली करून थंड जागी ठेवावीत व सात दिवसांच्या आत उबवणीस लावावीत. दिंडोरीच्या एप्रिल-मेच्या उन्हात खोलीत ठेवलेले अंडे आतून अर्धवट वाढू लागते व मरते. माठाजवळची ओल असलेली कोनाड्याची जागा बरी. मळलेली अंडी धुवू नयेत, कोरड्या कापडाने पुसावीत. फार मळलेली खाण्यास वापरावीत.

मँडरिन व कॅरोलिना झाडाच्या ढोलीत अंडी घालणारे पक्षी आहेत. त्यांना लाकडी पेटी लागते, आणि येथे आपल्या सुतार बांधवांना काम आहे. पेटी एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड ते दोन फूट उंच, पुढच्या बाजूस वरच्या भागात चार इंचाचे भोक, झाकण बिजागरीचे. आत भोकापर्यंत फळीला आडव्या खाचा पाडाव्यात किंवा जाळीची पट्टी ठोकावी, कारण एक दिवसाचे पिल्लू नखांनी वर चढून भोकातून खाली उडी मारते. रंधा मारून आतून गुळगुळीत केलेली पेटी दिसायला सुबक, पण त्यात पिल्ले अडकून मरतात. तळाला तीन-चार इंच भुसा टाकावा. हे पक्षी बाहेरून गवत आणत नाहीत. पेटी जमिनीपासून तीन-चार फूट उंच बांधावी. प्लायवूडचा वास व रंगाचा वास जाईपर्यंत ती वापरू नये. अशा पेट्या तयार करून पक्षी पाळणाऱ्यांना विकणे हा बदके न पाळताही करता येण्यासारखा धंदा आहे.

कॅम्पबेल व रनर माद्या अंड्यावर बसत नाहीत म्हटले तरी चालेल. त्यांची अंडी खुडूक कोंबडीखाली किंवा मस्कव्ही मादीखाली ठेवावीत. साध्या बदकाचे अंडे 28 दिवसांत फुटते, मँडरिनचे 28 ते 30 दिवसांत, मस्कव्हीचे 33 ते 35 दिवसांत. कोंबडीला सवय 21 दिवसांची, त्यामुळे काही कोंबड्या मध्येच उठतात. मन लावून बसणारी, अनुभवी कोंबडीच निवडावी. बदकाचे अंडे मोठे, म्हणून कोंबडीखाली आठ-नऊपेक्षा अधिक ठेवू नयेत व दिवसातून दोनदा हाताने फिरवावीत.

यंत्रात उबवायची झाल्यास पंखा असलेल्या यंत्राचे तापमान साडेसदतीस अंश व ओलावा 55 ते 60 टक्के ठेवावा. शेवटच्या तीन दिवसांत फिरवणे बंद करून ओलावा 75 टक्क्यांच्या आसपास न्यावा. दुसऱ्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ अंडी बाहेर गार करून कोमट पाण्याचा हलका शिडकावा देण्याची रीत आहे, कारण आई बदक पाण्यात जाऊन ओल्या पिसांनीच परत बसते. सातव्या दिवशी अंधारात विजेरीवर अंडे धरून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे फळलेले, स्वच्छ दिसले तर वांझ. ते काढून टाकावे, नाहीतर सडून फुटते आणि शेजारची अंडीही नासवते. वीज जाण्याचा भरवसा नाही. बॅटरीची सोय नसल्यास यंत्राच्या नादी न लागता कोंबडीवरच भिस्त ठेवावी.

यंत्रातील पिल्ले पहिल्या आठवड्यात 32 अंशांच्या उबेत ठेवावीत, दर आठवड्याला तीन अंश कमी करावेत. बदकाचे पिल्लू म्हणून त्याला लगेच पोहायला सोडण्याचा मोह होतो. आईच्या पिसांचे तेल त्याच्या अंगास लागलेले नसते, त्यामुळे ते भिजते, गारठते व मरते. पहिले तीन-चार आठवडे केवळ चोच बुडेल असे उथळ भांडे, त्यात गोटे घालून. निफाड-दिंडोरीकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी पिल्लांसाठी नव्हेच.

रोग आणि बर्ड फ्लू

बदक कोंबडीपेक्षा काटक आहे. डक प्लेग हा मोठा रोग. त्याची लस दोन-तीन महिन्यांच्या वयात व पुढे दरवर्षी पशुवैद्यकाकडून टोचून घ्यावी. उन्हाळ्यात सडक्या, साचलेल्या पाण्यातून बोट्युलिझम होतो. मान लुळी पडते, पक्षी उभा राहू शकत नाही. टाके साफ असेल तर हा रोग फिरकत नाही.

बर्ड फ्लूचा विचार मात्र गांभीर्याने केला पाहिजे. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतात हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, कित्येक कुटुंबांची वर्षांची मेहनत आठवड्यात गेली. 2021 च्या आरंभी राज्यात पुन्हा हा रोग आला व नवापूरला पुन्हा तोच प्रसंग ओढवला. बदकाची अडचण अशी की, त्याच्या अंगात विषाणू असूनही ते कधी कधी आजारी दिसत नाही. ते स्वतः धडधाकट फिरते आणि शेजारच्या कोंबड्या मरतात. रानबदकांपासून हा विषाणू पाळीव बदकांत येऊ शकतो. म्हणून ऑक्टोबर ते मार्च या काळात पाळीव बदके कादवेत, धरणावर किंवा गावतळ्यात सोडू नयेत. रानबदके व पाळीव बदके एकाच पाण्यावर येता कामा नयेत. ज्यांचा किंवा ज्यांच्या शेजाऱ्याचा पोल्ट्री फार्म आहे त्यांनी बदके पाळूच नयेत असे आम्ही म्हणू. नवा पक्षी आणला की तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा. एकाएकी अनेक पक्षी मेले तर लपवू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. साथीच्या क्षेत्रात एक किलोमीटरच्या आतील सर्व पाळीव पक्षी मारावे लागतात, त्यात शोभेची बदकेही आली. आणि नुकसानभरपाई मिळते ती सरकारी ठरीव दराने, हौशी बाजारातील किमतीने नव्हे. मँडरिनमध्ये रक्कम गुंतविणाऱ्याने हे आधीच जमेस धरावे.

सौदा

या धंद्यात सर्वांत अधिक लबाडी “जोडी” या शब्दात आहे. मँडरिन नर उन्हाळ्याच्या अखेरीस आपली रंगीत पिसे टाकतो व दोन-तीन महिने अगदी मादीसारखा करडा दिसतो. त्या दिवसांत दोन नर किंवा दोन माद्या जोडी म्हणून खपवता येतात, आणि गिऱ्हाइकाला कळते ते थंडीत. ओळखण्याची खूण चोचीत आहे : पिसे कशीही असोत, नराची चोच लालसर राहते, मादीची करडी. साध्या बदकांत मोठ्या नराच्या शेपटीवर एक-दोन वळलेली पिसे असतात व आवाज बसका असतो. मोठ्याने क्वॅक क्वॅक करणारी ती मादी. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लांत वरवर पाहून हे सांगता येत नाही. ज्याला नर-मादी सांगता येत नाही त्याने “जोडी” म्हणून किंमत घेऊ नये. “दोन पिल्ले, नर-मादी ठाऊक नाही” असे सांगून त्या भावाने विकावीत.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आपण खुतब्यात ऐकतो. ओला दाणा खाली लपवणे आणि वांझ संकर पैदाशीचा म्हणून देणे यांत फरक काय? तुरेवाल्या पक्ष्याची मान वाकडी असेल, मादी गेल्या वर्षी वांझ अंडी देत असेल, वय चार वर्षांहून अधिक असेल, तर हा ऐब आधी सांगावा. सांगूनही पक्षी विकला जातो, थोड्या कमी भावाने.

आणखी दोन प्रसंग नेहमी येतात. अंडी अजून यंत्रात असताना “फुटतील त्यातली दोन तुमची” असे म्हणून पैसे घेण्याची पद्धत पडली आहे. जी वस्तू आपल्याकडे नाही ती विकू नये असा स्पष्ट हुकूम आहे. गिऱ्हाइकाचे नाव लिहून ठेवावे, पिल्लू हाती आल्यावर सौदा करावा. दुसरे, ज्याच्याकडे चांगला नर आहे त्याच्याकडे शेजारी महिनाभर नर मागतो व भाडे देऊ करतो. नर लावण्याचे मोल घेण्याची हदीसमध्ये मनाई आली आहे; नर उसना द्यावा, मोबदला ठरवू नये. तपशिलात शंका असल्यास मुफ्ती साहेबांना विचारावे. विक्रीसाठी वाढवलेले पक्षी हा व्यापारी माल आहे, तेव्हा जकातीच्या हिशेबात त्यांची किंमत धरावी.

हिशेब कसा करावा याचा एक नमुना देतो, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा मँडरिनच्या एका जोडीने हंगामात दहा अंडी दिली. त्यातली सात फळली, पाच फुटली, चार पिल्ले मोठी झाली. चारांत दोन नर व दोन माद्या निघतील असे नाही. तीन नर व एक मादी निघाली तर विकण्यास जोडी एकच. लहान पक्ष्यांना मोठ्या जोडीएवढा भाव येत नाही. यात पिंजरा, टाके, पेटी, खाद्य व लस घाला. म्हणजे पहिल्या वर्षी जोडीची किंमतही निघेलच असे नाही, दुसऱ्या हंगामात निघाली तर बरे चालले असे समजावे. साध्या पेकिन व रनरमध्ये भाव कमी, पण पिल्ले पुष्कळ व अंडी-मांस यांना कायमचे गिऱ्हाईक असते. उरलेला नर हलाल करून खाता येतो. दोघांनी मिळून करावयाचे असल्यास एकाचे भांडवल व दुसऱ्याची मेहनत अशी मुदारबत करावी. नफ्याचा हिस्सा आधी कागदावर लिहावा. मेहनत करणाऱ्याची हयगय नसताना पक्षी मेले तर ते नुकसान भांडवलवाल्याचे, हेही त्याच कागदावर यावे.

गिऱ्हाईक कोण? लॉन्स, शाळांच्या बागा, कृषी पर्यटनवाले, फार्महाउसचे मालक, आणि हौशी घरे. तालुक्यात वायनऱ्याही आहेत व त्यांच्या बागांना पक्षी हवे असतात; तेथे माल द्यावा की नाही हे ज्याने त्याने उलेमांना विचारून ठरवावे, बाकी गिऱ्हाइके पुष्कळ आहेत. पक्षी पोचवताना पोत्यात किंवा पाय बांधून नेऊ नयेत. हवेशीर खोक्यात, खाली भुसा घालून, उन्हाळ्यात फक्त पहाटे न्यावेत. मालासोबत खाद्य, टाक्याचे माप व लसीची तारीख लिहिलेली चिठ्ठी द्यावी. ज्याच्याकडची बदके जगतात तेच गिऱ्हाईक पुन्हा येते.

सुरुवात करण्यास नोव्हेंबर-डिसेंबर हे महिने चांगले. नरांना पूर्ण रंग आलेला असतो, त्यामुळे नर-मादीत फसवणूक होत नाही, आणि वसंतातील अंड्यांच्या हंगामापूर्वी पक्ष्यांना जागेची सवय होते. मात्र तोच रानबदकांचा व बर्ड फ्लूचा काळ असल्याने वर सांगितल्याप्रमाणे नवे पक्षी वेगळे ठेवण्याची जागा आधी तयार करावी, टाके बांधून पंधरा दिवस पाण्याने भरून-उपसून सिमेंटचा खार काढून टाकावा, आणि मगच पक्षी आणण्यास निघावे.